पगार एक, खाती तीन: घरखर्चाचं वेगळं खातं नेमकं कुणाला परवडतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगर आणि शहरी भागात नव्याने उघडल्या जाणाऱ्या बचत खात्यांसाठी सरासरी मासिक शिल्लक १० हजारांवरून थेट ५० हजार रुपये केली. सोशल मीडियावर गदारोळ झाला आणि काही दिवसांतच बँकेने हा आकडा १५ हजारांवर आणला. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी एवढंच सांगितलं की, किमान शिल्लक किती असावी हे ठरवण्याची मोकळीक बँकांना आहे.

ही बातमी आली आणि विरली. पण ज्या घरांनी 'एका पगाराची तीन खाती करा' हा सध्या रील्समधून फिरणारा सल्ला मनावर घेतला आहे, त्यांच्यासाठी ती विरण्यासारखी नव्हती. पगार एका खात्यात, बिलं आणि हप्ते दुसऱ्यातून, रोजचा खर्च तिसऱ्यातून, अशी ही पद्धत. ऐकायला सोपी, कागदावर चोख. पण दुसरं-तिसरं खातं उघडायला पैसे लागत नसले, तरी ते सांभाळायला लागतात, आणि कुठे किती लागतात याचं गणित रीलमध्ये सांगितलं जात नाही.

डब्यातले पैसे आणि नोबेल

पैसे वेगवेगळे ठेवण्याची कल्पना मराठी घराला नवी नाही. तांदळाच्या डब्यात दुधाचे, डाळीच्या डब्यात वाण्याचे, देवघराच्या खणात शाळेच्या फीचे. पगाराच्या दिवशी पाकिटं करून त्यावर 'भाडं', 'लाईट', 'गावाला' असं लिहून ठेवणारी पिढी अजून हयात आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा असे कितीतरी डबे नाइलाजाने उघडावे लागले, आणि घरातल्या बाईने वर्षानुवर्षं बाजूला टाकलेली रक्कम घरातल्या पुरुषांना पहिल्यांदाच कळली.

अर्थशास्त्रात याला 'मनातली खातेवही' म्हणता येईल. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८०च्या दशकात यावर लिहिलं आणि २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हिशेबाने पाहिलं तर शंभराची नोट कुठेही ठेवली तरी शंभराचीच, पण माणूस तसं वागत नाही. 'फीचे' म्हणून ठेवलेल्या पैशांना हात लावताना तो अडखळतो. दिलीप सोमण आणि अमर चीमा या दोन संशोधकांनी भारतातल्या ग्रामीण मजुरांबरोबर केलेल्या प्रयोगातही हेच दिसलं. बचतीची रक्कम एका पाकिटात ठेवण्याऐवजी दोन पाकिटांत विभागून ठेवली, तर जास्त शिल्लक उरली. पाकिटावर मुलांचा फोटो लावला की आणखी फरक पडला. पाकीट फोडणं हा छोटासाच अडथळा असतो, पण तो पुरतो.

यूपीआयने हा अडथळाच काढून टाकला. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. चहाचे १५ रुपये आणि घराचा हप्ता एकाच खात्यातून, एकाच पिनने जातात. पाकीट रिकामं होताना डोळ्यांना दिसतं, खातं रिकामं होताना दिसत नाही. त्यात १ ऑगस्ट २०२५ पासून एनपीसीआयने एका ॲपवरून दिवसाला जास्तीत जास्त ५० वेळा शिल्लक तपासण्याची मर्यादा घातली. पन्नास ही संख्या तशी भरपूर आहे. पण मर्यादा घालावी लागली, यावरून लोक 'अजून किती उरले' हे किती वेळा बघत असावेत याचा अंदाज येतो.

पद्धत चालते कशी?

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एखाद्याचा हातात येणारा पगार ६० हजार आहे. घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट, मुलांच्या शाळेच्या फीचा महिन्याचा वाटा आणि विम्याचा महिन्याचा भाग हे सगळं मिळून ३८ हजार होतात. पगार झाला की लगेच ४० हजार 'बिलांच्या' खात्यात वळते करायचे. या खात्याचं डेबिट कार्ड घरी कपाटात, आणि ते यूपीआय ॲपला जोडायचंच नाही. किराणा, भाजी, पेट्रोल, हॉटेल यासाठी १२ हजार 'खर्चाच्या' खात्यात. उरलेले आठ पगाराच्या खात्यातच राहतील किंवा बचतीत जातील.

खरा फायदा इथे आहे: खर्चाच्या खात्यातली शिल्लक हाच महिन्याचा हिशेब. वीस तारखेला तिथे दोन हजार असतील, तर पुढच्या दहा दिवसांचं चित्र वही न उघडता कळतं. एकाच खात्यात ३२ हजार दिसत असताना त्यातले २९ हजार आधीच कुणाचे तरी आहेत हे लक्षात ठेवणं अवघड असतं. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे गाडीचा विमा, मालमत्ता कर, दिवाळी, जूनमधली वह्या-पुस्तकं, यांची बेरीज करून बाराने भागायची आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बिलांच्या खात्यात जास्तीची टाकायची. बऱ्याच घरांचं बजेट दर महिन्याच्या खर्चाने कोलमडत नाही, वर्षातून एकदा येणाऱ्या या पाहुण्यांनी कोलमडतं.

तारखांचं मात्र नीट बघावं लागतं. हप्त्यांची ऑटो-डेबिट अनेकदा सकाळी लवकर होते. पाच तारखेचा हप्ता असेल आणि पैसे पाच तारखेलाच दुपारी वळवले, तर हप्ता चुकू शकतो. मग खात्याची बँक दंड लावते, कर्ज देणारी संस्थाही वेगळा दंड लावते, आणि क्रेडिट स्कोअरवर डाग पडतो तो वेगळाच. शिल्लक नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक हप्ता परत जाणं हे 'पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स' कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार गुन्हा ठरू शकतं. चेक बाउन्स होण्यासारखंच ते प्रकरण आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एका हप्त्यासाठी कुणी लगेच कोर्टात जात नाही, पण 'पैसे होते हो, दुसऱ्या खात्यात होते' हे उत्तर बँकेपुढे चालत नाही. त्यामुळे पगाराच्या खात्यातून बिलांच्या खात्यात जाणारी रक्कमही कायमस्वरूपी सूचना देऊन आपोआप वळती करावी, आणि पहिल्या हप्त्याच्या निदान दोन दिवस आधी. कार्ड किंवा यूपीआयवरच्या ऑटो-पेमेंटसाठी २४ तास आधी सूचना येते. ती न वाचता सरकवून टाकण्याची सवय मोडली, तर अर्धे घोटाळे टळतील.

किमान शिल्लक कुठे आडवी येते?

आता आयसीआयसीआयच्या बातमीकडे परत येऊ. 'सरासरी मासिक शिल्लक' म्हणजे खात्यात कायम तेवढे पैसे हवेत असं नाही. रोज दिवसअखेर किती शिल्लक आहे त्याची महिनाभराची बेरीज करून दिवसांनी भागायचं. तीन दिवस एक लाख रुपये ठेवले आणि बाकीचे सत्तावीस दिवस शून्य, तरी ३० दिवसांच्या महिन्यात सरासरी १० हजार भरते.

वरच्या उदाहरणातलं बिलांचं खातं घ्या. एक तारखेला ४० हजार आले, पाच तारखेला ३८ हजार गेले. पहिले चार दिवस ४० हजारांप्रमाणे १ लाख ६० हजार, पुढचे २६ दिवस दोन हजारांप्रमाणे ५२ हजार. एकूण २ लाख १२ हजार, भागिले ३०, म्हणजे सुमारे ७,०६७ रुपये. बँकेची अट १० हजारांची असेल, तर महिन्याला ४० हजारांची उलाढाल करूनही हे खातं दंडाला पात्र ठरलं. बिलांचं खातं हे रिकामं होण्यासाठीच असतं, आणि किमान शिल्लक नेमकी रिकाम्या खात्याला शिक्षा करते. म्हणजे शिस्तीने वागणाऱ्यालाच चाप.

ही शिक्षा किरकोळ नाही. केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, सरकारी बँकांनी २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे ८,५०० कोटी रुपये दंड गोळा केला. यात खासगी बँका नाहीत. त्यानंतर वारं बदललं. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच ही अट काढली होती. २०२५ च्या मध्याला कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनीही बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. बडोद्याच्या प्रीमियम प्रकारांना ही सूट नाही, तेव्हा खात्याचा नेमका प्रकार विचारून घेतलेला बरा.

त्यामुळे बाजारात आता दोन उलट्या दिशा दिसतात. काही खासगी बँका मोठ्या शिलकीचा ग्राहक शोधत आहेत, सरकारी बँका अट सोडून ठेवी ओढू पाहत आहेत. तीन खात्यांची पद्धत परवडणार की नाही, हे यातल्या कुठल्या बाजूला खातं आहे त्यावर ठरतं. पगार खासगी बँकेत येत असला, तरी बिलांचं खातं शून्य शिलकीच्या बँकेत ठेवणं हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. रिझर्व्ह बँकेचा २०१५ पासून लागू असलेला एक नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे: किमान शिलकीच्या दंडामुळे खातं उणे होता कामा नये, आणि दंडापूर्वी ग्राहकाला कळवून महिनाभराची मुदत द्यायला हवी.

गंमत अशी की, अनेकांकडे दुसरं-तिसरं खातं असतंच. नोकरी बदलली की नवी कंपनी नवं पगार खातं उघडते, जुनं तसंच पडून राहतं. साधारण तीन महिने पगार आला नाही की बहुतेक बँका त्याचं साध्या बचत खात्यात रूपांतर करतात आणि शून्य शिलकीची सवलत गुपचूप संपते. नवं खातं उघडण्याआधी ही जुनी खाती एकदा पाहून घ्यावीत. एखादं बिलांसाठी वापरता येईल, बाकीची बंद केलेली बरी.

दोघं कमावत असतील तर?

इथे प्रश्न गणिताचा राहत नाही. समजा, एकाचा पगार ६० हजार आणि दुसरीचा ४० हजार. सामाईक खर्च ५५ हजार. 'निम्मे-निम्मे' केलं तर प्रत्येकी २७,५०० जातात. त्याच्याकडे ३२,५०० उरतात, तिच्याकडे १२,५००. समान वाटणी दिसते, पण एकाच्या हातात पगाराचे ५४ टक्के आणि दुसरीच्या हातात ३१ टक्के. त्याऐवजी कमाईच्या प्रमाणात वाटा घातला, तर तो ३३ हजार देईल, ती २२ हजार देईल, आणि दोघांकडेही आपापल्या पगाराचे ४५ टक्के उरतील. घरकाम आणि मुलांचं बघणं कोण करतं, हा हिशेब यात अजून धरलेलाच नाही. तो कुठल्याच बँकेच्या पासबुकात येत नाही.

वेगळी खाती म्हणजे अविश्वास का? अमेरिकेत नवविवाहित आणि लग्न ठरलेल्या २३० जोडप्यांवर दोन वर्षं झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना चिठ्ठी टाकल्यासारखं सामाईक खात्याच्या गटात घातलं गेलं, त्या जोडप्यांचं नातं वेगळी खाती ठेवणाऱ्यांपेक्षा चांगलं टिकल्याचं दिसलं. निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे, पण जसाच्या तसा इथे आणता येत नाही. इथे सामाईक खातं म्हणजे पुष्कळदा पासबुकावर दोन नावं आणि ओटीपी एकाच्याच मोबाइलवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतःचं बँक खातं असलेल्या आणि ते स्वतः वापरणाऱ्या महिलांचं प्रमाण २०१५-१६ मधल्या ५३ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे ७९ टक्क्यांवर गेलं. म्हणजे पाचातली एक अजून बाहेरच आहे. डाळीच्या डब्यातल्या पैशांवर बाईचा जो ताबा होता, तो सामाईक खात्यात विरघळून जाऊ नये, एवढी काळजी घ्यायला हवी. सामाईक बिलांचं एक खातं आणि दोघांचं आपापलं एकेक, ही रचना त्यामुळेच इथे जास्त बसते.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेने हा मुद्दा २०२४ मध्ये राज्यभर घरोघरी नेला. महिन्याचे १,५०० रुपये महिलेच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यातच जमा होणार, ही अट होती. तेव्हा दोन गोष्टी अनेकींना पहिल्यांदा कळल्या. एक, खाती चार असली तरी आधार एका वेळी एकाच बँकेशी थेट लाभासाठी जोडलेलं असतं, आणि पैसे शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. अर्जात लिहिलेल्या खात्यात रक्कम दिसली नाही, की ती भलत्याच जुन्या खात्यात सापडायची. दुसरी, त्या जुन्या खात्यावर दंड थकला असेल तर आलेली रक्कम त्यातच वळती व्हायची. बँकांनी लाभाच्या रकमेतून अशी कपात करू नये, असं सरकारला सांगावं लागलं. ज्या घरात सरकारी योजनेचे पैसे येतात, तिथे खाती वाढवताना आधार कुठे जोडलं आहे हे आधी तपासायला हवं.

सगळी अंडी... नव्हे, सगळे हप्ते एका बँकेत?

तिन्ही खाती एकाच बँकेत ठेवणं सोयीचं असतं. एकच ॲप, पैसे वळवणं क्षणाचं. पण महाराष्ट्राला या सोयीची किंमत माहीत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, आणि दोन आठवडे एक रुपयाही काढता आला नाही. पुढे २५ हजारांपर्यंत परवानगी मिळाली आणि ऑगस्टमध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. एकाच बँकेत खाती तीन असली तरी विमा तिपटीने मिळत नाही, सगळी बेरीज करूनच पाच लाख. विमा बुडालेल्या पैशांचं उत्तर देतो, पाच तारखेच्या हप्त्याचं नाही. ते उत्तर दुसऱ्या बँकेतलं खातंच देऊ शकतं.

हल्ली दुसरंही एक कारण आहे. सायबर फसवणुकीची तक्रार झाली की पैसा ज्या-ज्या खात्यांतून फिरला, ती खाती किंवा त्यातली तेवढी रक्कम रोखली जाते. क्यूआर कोडवर गिऱ्हाइकाकडून आलेल्या पाचशे रुपयांमुळे किराणा दुकानदाराचं खातं अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. दुकानाचं आणि घराचं खातं एकच असेल, तर दूध आणि शाळेची फीसुद्धा अडकते. छोटा धंदा करणाऱ्याने घराचं खातं वेगळं ठेवावं, हा सल्ला म्हणूनच पगारदारापेक्षा त्याला जास्त लागू आहे.

मात्र ज्याचं उत्पन्न रोजंदारीचं आहे, महिन्याला बारा-पंधरा हजारांचं आणि तेही कधी येतं कधी नाही, त्याला तीन खाती सांगणं ही चेष्टा आहे. तिथे अडचण पैसे विभागण्याची नसते, विभागण्याइतके पैसे नसण्याची असते. अशा ठिकाणी यूपीआय लाइट बऱ्यापैकी काम करतं. त्यात एका वेळी पाच हजारांपर्यंत रक्कम भरून ठेवता येते आणि एक हजारापर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं. आठवड्याला हजार रुपये भरायचे, तेवढ्यात भागवायचं. पासबुकातही एकच नोंद पडते. फोन हरवला तर त्यातल्या रकमेला पिनचं संरक्षण नाही, हे लक्षात ठेवून रक्कम लहान ठेवावी. घरातल्या दुसऱ्या माणसाला खर्चाची मुभा हवी असेल, तर ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये आपल्याच खात्यातून महिन्याला १५ हजारांपर्यंतची मर्यादा घालून देता येते. सासू-सासऱ्यांना औषधपाण्यासाठी किंवा हॉस्टेलवरच्या मुलाला हे पुरेसं आहे; त्यासाठी वेगळं खातं लागत नाही.

खाती वाढली की कागदपत्रंही वाढतात. आयकर विवरणपत्रात चालू असलेली सगळी खाती दाखवावी लागतात, आणि दोनशे रुपयांचं व्याजही उत्पन्नातच धरलं जातं. खात्यात दोन वर्षं ग्राहकाने एकही व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जाते. तिथून ती परत मागता येते, पण त्यासाठी असं खातं होतं हे कुणाला तरी माहीत असावं लागतं.

शेवटचा मुद्दा टाळला जातो, कारण तो बोलायला नको वाटतो. बिलांचं खातं एकाच्याच नावावर असेल आणि तो माणूस अचानक गेला, तर त्या घराची वीज, फी आणि हप्ते सगळं एकदम अडतं. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती' या पद्धतीने उघडलेलं सामाईक खातं अशा वेळी चालू राहतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार वारसदारांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, आणि मृत खातेदाराच्या दाव्यांचा निपटारा पूर्ण कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत करावा, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिले आहेत. पंधरा दिवस बँकेच्या दृष्टीने लवकर आहेत. पण महिन्याच्या तीस तारखेला हे घडलं, तर पाच तारखेचा हप्ता त्याच्या आधी येतो.